जड पेडल

“जड आहे रे अजून,” दादा वरून पुटपुटला.

वरून म्हणजे फार वरून नव्हे. धाकटा शेजारच्या सीटच्या बाजूने गाडीत शिरला होता. पाय दाराबाहेर सोडून, पेडलांपाशी डोकं घालून तो उताणा पडला होता. तोंडात छोटा टॉर्च, आणि नाकापासून वीतभर अंतरावर दादाचा उजवा बूट. दादाच्या कुरकुरीची त्याला सवय होती. चहा पाणचट, उशी कडक, बातम्या सांगणारा बोबडा, तसंच पेडल जड. पण आज त्याला बूट दिसत होता, आणि बूट ॲक्सिलरेटरच्या पेडलवर नव्हताच. पेडलच्या उजवीकडे गाडीचा पत्रा आत वळतो, त्या पत्र्यावर बुटाचं टोक टेकलं होतं आणि दादा जीव खाऊन दाबत होता. पँटची घडी थरथरत होती. नवं रबर लावलेलं पेडल मात्र टॉर्चच्या उजेडात स्वस्थ उभं होतं, जसं काही या सगळ्याशी त्याचा संबंधच नाही. पत्रा जड लागतो म्हटल्यावर तो हलका कसा करून द्यायचा?

“दाबतोयस ना?” धाकट्याने टॉर्च हातात घेऊन विचारलं.

“मग काय झोपलोय? सगळा जोर लावलाय. ढिम्म हलत नाही.”

इथे एक वाक्य बोलायचं होतं. पाय बाजूला पडलाय. बस, एवढंच. कुणाचाही पाय बाजूला पडतो. माणूस ‘अरे हो की’ म्हणतो, हसतो, पाय सरकवतो. पण दादा हसला नसता. आपला पाय कुठे आहे हे पाहायला तो आधी खाली वाकला असता, आणि वाकून पाहावं लागतंय हे दोघांनाही एकाच वेळी समजलं असतं. धाकट्याने टॉर्च विझवला. काळोख पडला तसं त्याला जरा बरं वाटलं, कुणीतरी अंगावर चादर घालावी तसं.

“बरं,” तो म्हणाला, “करतो हलकं.”

बाहेर यायला त्याला वेळ लागला. साठीला टेकलेल्या माणसाला घरात अजून धाकटा म्हणतात, पण कंबरेला ते ठाऊक नसतं. आधी एक ढोपर, मग दाराच्या चौकटीला धरून दुसरं, मग थोडा वेळ नुसतंच उभं राहून डोळ्यांसमोरचे काजवे जाऊ देणं. तोवर दादा हातांनी मांडी उचलून पाय बाहेर घेत होता. हे तो असं सहज करायचा की वाटावं, पँटची इस्त्री जपतोय.

“लीव्हर लांब कर,” दादा म्हणाला.

“मागच्या खेपेला केला.”

“अजून कर. तुला काय, लोखंड कापायचं आणि भोक पाडायचं. दाबायचं तर मला आहे.”

इंजिन सहा सिलिंडरचं होतं आणि मूळचं अगदी साधं. एका बाजूला एकच कार्ब्युरेटर, तोच सहाही तोंडांना पेट्रोल आणि हवा पुरवणार. तो बदलून तीन बसवायचे, दोन-दोन सिलिंडरांना एकेक, ही दादाची फार जुनी हौस. इतकी जुनी, की वहिनी तिला सवत म्हणायच्या. आयुष्यभर दुसऱ्यांच्या गाड्या हाकताना ती त्याने जपून ठेवली होती. कुठल्याशा भंगारवाल्याकडे तीन एकसारखे कार्ब्युरेटर मिळाले तेव्हा दादाने ते नवजात पिलांसारखे कापडात गुंडाळून घरी आणले आणि म्हणाला, “तोंडं तीन झाली, पण पाय एकच. आता तू बघ.” म्हणजे एका पायाचं म्हणणं तिन्ही तोंडांना एका क्षणी कळायला हवं. एक आधी उघडलं आणि दुसरं मागून, तर इंजिन थंडी भरल्यासारखं थरथरतं. अशी जोडणी बाजारात तयार मिळत नाही. कारखान्याच्या टूलरूममध्ये आयुष्य काढलेल्या धाकट्याने ती कागदावर न मांडता थेट डोक्यात मांडली. इंजिनाच्या कुशीला समांतर एक दांडा, दोन टोकांना त्याला आधार. दांड्यावर तीन लीव्हर. प्रत्येक लीव्हरपासून कार्ब्युरेटरपर्यंत बोटाएवढा रॉड, ज्याच्या एका टोकाचे आटे सुलट आणि दुसऱ्याचे उलट, म्हणजे रॉड जागच्या जागी फिरवला की केसभर लांब होतो किंवा केसभर आखूड. आणि पेडलपासून या सगळ्यापर्यंत येणारा एक लांब रॉड.

पहिली जोडणी लोखंडाची झाली. दादा म्हणाला, जड आहे. खरंच होती, तीन कार्ब्युरेटरांच्या तीन स्प्रिंगा, वर दांड्याची चौथी. दुसऱ्या जोडणीत धाकट्याने लीव्हर लांब केला. लीव्हर लांब केला की जोर कमी लागतो, पण पेडलला तितकंच जास्त खोल जावं लागतं. फुकट काही मिळत नाही. दादा म्हणाला, जड आहे. तिसऱ्या वेळी दांडा बेअरिंगांवर बसवला, लीव्हर ॲल्युमिनियमचे केले, कानशीने घासून घासून पातळ केले, आणि करंगळीने दाबून पाहिलं तर लोण्यात बोट जावं तसं सगळं हललं. तेव्हा धाकटा एकटाच हसला होता. दादा येऊन बसला, बूट पुढे केला, आणि म्हणाला, जड आहे.

त्या दिवशी करंगळी आणि बूट यांचा हिशेब जुळवायला काय हरकत होती? पण धाकट्याने तो जुळवला नव्हता. आता टेबलापाशी स्टुलावर बसून, पान्याच्या धारेने नखातली वंगणाची काळी रेघ काढताना त्याला वाटलं, आपल्याला तेव्हाच ठाऊक होतं. ठाऊक असणं आणि कळणं यांच्यामध्ये आपण एक काम टाकून ठेवलं होतं. चौथी जोडणी. पाचवी. पेडल जड आहे म्हटलं की सगळं घर सुटकेचा श्वास टाकायचं. पेडलचा दोष असेल तर तो कानशीने घासता येतो.

तशा गोष्टी काही लपलेल्या नव्हत्या. दादाची साखर जुनी होती, आणि तो ती लोकांना अभिमानाने सांगायचा, जणू मिळालेलं पदकच. थंडीत एकदा तो पाय गरम पाण्याच्या बादलीत सोडून पेपर वाचत बसला होता. वहिनींनी सहज बादलीत हात घातला आणि चटका बसून मागे घेतला. “काय झालं?” दादाने पेपरामागून विचारलं, “छान कोमट आहे.” मग फोड, मलम, डॉक्टर. डॉक्टर म्हणाले, रोज तळवे पाहत जा, अनवाणी फिरू देऊ नका. गाडीचं त्यांनी विचारलं नाही, आणि आपण सांगितलं नाही. तेव्हापासून वहिनी रोज संध्याकाळी दिव्याखाली त्याचे तळवे उलटसुलट करून पाहायच्या, आणि दादा म्हणायचा, “भविष्य सांगतेस काय? हात घे मग, पाय कशाला?” आणि सपाता. दादा बैठकीतून स्वयंपाकघराकडे निघाला की वाटेत कुठेतरी उजवी सपात मागे राहायची आणि तो एकाच सपातेवर पुढे चालत जायचा, बोलत, हसत, कुणाला तरी शिव्या घालत. मागून जो कुणी येईल तो ती उचलायचा. दादा खुर्चीत बसला की त्याच्या पायाशी ठेवायचा, पेपर ठेवावा तशी. हे कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. घरात आलेली नातसुद्धा, दादाच्या मुलीची मुलगी, चार दिवसांत हे शिकली. धाकट्याने एकदा तिला सपात उचलताना पाहिलं. तिने वर पाहिलं आणि ओठांवर बोट ठेवलं. तीन कार्ब्युरेटर एकदम उघडायला आपल्याला इतके महिने लागले, आणि हे घर बघा. सगळी तोंडं एका क्षणी मिटतात, कुठे केसभरही फरक नाही.

टर्नर आला तेव्हा तो असाच बसला होता. टर्नर म्हणजे मागच्या गल्लीत लेथ चालवणारा त्याचा जुना दोस्त. रॉडांचे आटे त्याच्याकडूनच पाडून आणलेले. हा माणूस कधीच आत येऊन नीट बसत नसे. दाराच्या खांबाला टेकून, हातातल्या चिंधीला हात पुसत बोलायचा, आणि हात कधीच स्वच्छ होत नसत.

“स्प्रिंग हवी म्हणालास ती आणलीय,” तो म्हणाला, “पण देणार नाही.”

“का?”

“हातात घेऊन बघ. ही स्प्रिंग आहे की केसातला चाप? हिच्यावर उघडेल रे सगळं. फुंकर मारलीस तरी उघडेल. मिटेल का?” त्याने चिंधी दुसऱ्या हातात घेतली. “उघडण्याचं कौतुक काय. पाय काढला की बंद झालं पाहिजे. पाय काढायचं लक्षात राहिलं नाही तरी बंद झालं पाहिजे.”

हे शेवटचं वाक्य त्याने स्प्रिंगेकडे पाहत म्हटलं. धाकट्यानेही स्प्रिंगेकडेच पाहिलं. दोघं मिळून एका एवढ्याशा तारेच्या वेटोळ्याकडे पाहत राहिले.

“दादा म्हणतो, जड आहे,” धाकटा म्हणाला.

“हं. म्हणत असेल.” टर्नर खांबापासून सुटला. “माझी सासू म्हणायची, सुईचं भोक लहान झालंय. आम्ही तिला सुया आणून द्यायचो. ढिगाने.” आणि तो गेला. स्प्रिंग मात्र टेबलावर ठेवून गेला, हेही खरंच.

दादाच्या पायाचं नाव होतं एकेकाळी. लाँड्रीची व्हॅन चालवायचा तो. मागे कांजी केलेल्या चादरींचे गठ्ठे, पुढे इंजिनाची ऊब, आणि सगळ्या गाडीला तो इस्त्रीचा गोड, जळका वास. धाकटा तेव्हा एवढासा. आईचा डोळा चुकवून दादा त्याला मांडीवर बसवायचा आणि चाक त्याच्या हातात द्यायचा. “हात तुझे, पाय माझा,” म्हणायचा. “तू वळव. पळवायचं की थांबवायचं ते मी बघतो.” धाकट्याला मांडीखाली दादाचा पाय जाणवायचा, म्हणजे पाय नव्हे, तो स्नायू, जो गाडीच्या आधी हलायचा. तो जरा कडक झाला की कळायचं, आता गाडी धावणार. सैल झाला की समोर काहीतरी आहे. रस्त्याकडे न बघता त्या स्नायूवरून रस्ता कळायचा. वहिनी लग्न होऊन आल्या तेव्हा म्हणाल्या होत्या, यांच्या गाडीत भरलेला ग्लास घेऊन बसावं, थेंब सांडत नाही. चांभाराला दादाचा बूट ओळखू यायचा. उजव्या टाचेची मागची कड एका बाजूने झिजलेली, जिथे ती टेकवून तो पेडलवर पंजा खेळवायचा. टाच फिरकीसारखी, पंजा वाऱ्यासारखा. आज टॉर्चच्या उजेडात पाहिलेल्या बुटाची टाच शाबूत होती. झिजलं होतं ते टोक. समोरचं चामडं खरवडून पांढरं पडलं होतं, घासत नेलेल्या पायाचं.

“भाऊजी,” वहिनी चहा घेऊन आल्या, “किती राहिलंय हो काम?”

“होत आलंय.”

“नाही, म्हणजे घाई नाही.” त्यांनी कप ठेवायला टेबलावर जागा शोधली, मिळाली नाही, मग त्याच्या हातातच दिला. “नीट होऊ दे. चांगलं काम म्हटलं की वेळ लागतोच. वर्षसुद्धा लागतं एखाद्याला.”

“वहिनी.”

“रविवारी नातीला घेऊन फेरी मारणार म्हणतात. पहिली फेरी तिची. तिलाही सांगून ठेवलंय. ती नवे बूट घालून बसलीय आतापासून.” वहिनी बोलत होत्या आणि टेबलावरचे बोल्ट लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीने लावत होत्या, भाजी निवडावी तसे. “हमरस्त्याने नेणार म्हणाले. मी म्हटलं, गल्लीतल्या गल्लीत न्या. तर म्हणाले, एवढी तीन तोंडं काय गल्लीसाठी बसवली का.” एक बोल्ट हातात राहिला. त्याच्यापेक्षा लहानही एक होता आणि मोठाही, पण वहिनींना त्याची जागा सापडेना. “तुम्ही मोठे इंजिनिअर. तुम्हीच काहीतरी काढा. बिघाड वगैरे.”

धाकट्याने चहा पिऊन टाकला. फार गरम होता आणि जीभ पोळली, आणि पोळली याचं त्याला क्षणभर बरं वाटलं.

बिघाड काढणं सोपं होतं. एक रॉड अर्धा फेरा फिरवला की मधला कार्ब्युरेटर मागे राहील, इंजिन थरथरेल, रविवार टळेल. मग पुढचा रविवार. मग नातीची सुट्टी संपेल. असं किती काळ आपण हे लीव्हर घासत बसणार? त्याला एकदम इतका थकवा आला की मान टेबलावर टेकावीशी वाटली. काम केल्याने आलेला थकवा त्याला ओळखता यायचा, तो पाठीत असतो आणि झोपेने जातो. हा कुठे होता कोण जाणे. एखाद्याच्या घरी पाहुणे म्हणून जाऊन आठवडाभर नीट बसल्यावर येतो, तसला काहीतरी. टर्नरची स्प्रिंग त्याने डब्यात टाकली आणि आपली जुनी, दणकट, ओढली की बोटावर वळ उठवणारी स्प्रिंग दांड्याला लावली. मग वाकून पेडलकडून येणारा लांब रॉड दांड्यापासून सोडवला आणि त्याचं मोकळं टोक तारेने बाजूच्या नळीला बांधून टाकलं. हे त्याने असं केलं, जसं दुसऱ्याच कुणाचे हात करताहेत आणि आपण खांबाला टेकून बघतोय. आता पेडल दाबलं काय, पत्रा दाबला काय, सारखंच. रविवारी काय सांगायचं, हे त्याने ठरवलं नाही. रॉड बांधणं एवढंच त्याला बोलता आलं.

रविवारी सकाळी उन्हं कौलावरून खाली उतरायच्या आत त्याने तिन्ही कार्ब्युरेटर जुळवले. रबरी नळीचं एक टोक कानात, दुसरं कार्ब्युरेटरच्या तोंडाशी. पहिल्याचा श्वास ऐकायचा, मग दुसऱ्याचा, मग तिसऱ्याचा. जो जास्त सुसकारतो त्याचा रॉड केसभर फिरवायचा. पुन्हा ऐकायचं. हळूहळू तीन सुसकारे एक झाले. इतकं नीट ते पूर्वी कधीच जुळले नव्हते, आणि नेमकं आजच जुळावं याची त्याला चीड आली.

दादा आला. पांढरा सदरा, दाढी, पॉलिश केलेले बूट. टोकावर काळं जास्त थापलेलं. हातांनी पाय आत घेऊन तो बसला, किल्ली फिरवली, आणि इंजिन लागलं. फाटकापाशी वहिनी नातीचा हात धरून उभ्या होत्या. फाटकाची कडी काढायची म्हणून दुसरा हात कडीवर, आणि तो तिथेच.

“जाऊ मी आत?” नातीने विचारलं.

“थांब. आधी धाकटे आबा बघतील, मग.”

बॉनेट उघडं होतं. त्याच्या आणि काचेच्या फटीतून धाकट्याला दादाचं फक्त कपाळ दिसत होतं आणि विंचरलेले पांढरे केस. तार बांधलेला रॉड त्याच्या मनगटाजवळ होता. आता सांगू या. बिघाड आहे, रॉड सुटलाय, आज नको. त्याने तोंड उघडलं, आणि इतक्या महिन्यांच्या सवयीने त्यातून भलताच शब्द आला.

“दाब.”

आणि दोन बोटांनी त्याने दांडा स्वतःच फिरवला.

तिन्ही तोंडं एकदम उघडली. आवाज चढला, न अडखळता, न थरथरता, एकाच घशातून निघाल्यासारखा. तो बोटांतून कोपरापर्यंत, कोपरातून दातांपर्यंत आला. क्षणभर धाकटा सगळं विसरला. मांडीखाली तो स्नायू कडक व्हावा तसं त्याला झालं. मग त्याने दांडा सोडला, दणकट स्प्रिंगेने तिन्ही तोंडं खटकन मिटवली, आणि आवाज खाली बसला.

“झालं की!” वहिनी फाटकापासून म्हणाल्या, जरा मोठ्यानेच. “बघा, झालं ना हलकं?”

“आबा, झालं!” नात टाळ्या पिटत म्हणाली.

कपाळ हललं नाही. “पुन्हा दाबू?” दादाने विचारलं.

“दाब.”

धाकट्याने पुन्हा दांडा फिरवला. पुन्हा तोच चढ, तोच उतार. त्याला घाम फुटला होता. आता हे आयुष्यभर करावं लागणार, त्याच्या मनात आलं. दादा गाडी चालवणार आणि आपण बॉनेटमध्ये बसून बोटांनी पळवणार.

दादाने किल्ली बंद केली. तापलेलं लोखंड टिकटिकत राहिलं.

“इकडे ये,” दादा म्हणाला.

धाकटा हात पुसत दारापाशी गेला. दादा सीटवर तिरका बसला होता. उजवा पाय त्याने डाव्या गुडघ्यावर घेतला होता, बुटासकट, आणि तो दोन्ही हातांत धरला होता, लहान मुलाचा धरावा तसा. पेडल खाली रिकामं होतं.

“मी दाबलंच नव्हतं,” दादा म्हणाला.

वहिनींचा हात कडीवरून खाली आला.

“त्या दिवशी तू खाली होतास. माझ्या बुटावर उजेड होता,” दादा पायाकडे पाहत म्हणाला, “आणि एकदम तू टॉर्च विझवलास. तेव्हाच म्हटलं, याने पाहिलं. वाटलं, आज बोलेल, उद्या बोलेल. तू लीव्हर घासत बसलास.” त्याने बुटाचं टोक अंगठ्याने चोळलं, पॉलिश अंगठ्याला लागलं. “हा असा हातात धरला की कळतं, इथे आहे म्हणून. खाली ठेवला की गेला. पेडल कधीच जड नव्हतं रे, धाकट्या. मला माझा पाय कळत नाही.”